कामाची जागा : माकुणसार

कारखान्यात माझ्या खात्याला अजूनही सगळे टाइम ऑफिसच म्हणतात. दारावरची पाटी दुसरी आहे, इंग्रजीत आणि लांबलचक, पण ती वाचतं कोण. हजेरी, रजा, नेमणूकपत्रं, गेटपास, तपासणीला माणूस आला की त्याच्यापुढे मांडायची रजिस्टरं, हे सगळं माझ्याकडे. सांगलीकडून बोईसरला आलो तेव्हा मी शिफ्टमध्ये रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीवर, उभा राहायचो. अक्षर चांगलं म्हणून एका सुपरवायझरने मस्टर लिहायला बसवलं आणि मी तिथंच चिकटलो. माझ्या कागदात चूक सापडत नाही, असा माझा लौकिक आहे. तो बराचसा मीच पसरवला, पण खोटा नाही. आता जे सांगणार आहे त्यातही कागदात चूक नव्हती.

आमच्या ऑफिसात एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं इतकंच, लग्न झालेली होती आणि तिशीला टेकली होती. आमचा माल पिंपांतून परदेशी जातो आणि प्रत्येक खेपेबरोबर कागदांचा एक गठ्ठा जातो: तपासणीचा दाखला, वजनाचा दाखला, माल धोक्याचा आहे की नाही त्याचा दाखला. ते सगळं ती करायची. माहेर माकुणसारचं, चिकूची वाडी असलेलं. सासर मासवणला. नवरा इथंच एमआयडीसीत दुसऱ्या कारखान्यात शिफ्टला जायचा. ती मला सर म्हणायची, आणि मी तिला एकेरीत हाक मारायचो, कारण माझी थोरली लेक तिच्याहून दोनच वर्षांनी लहान.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत इकडेही आहे आणि आमच्याकडेही. ती माकुणसारला गेली, मुलगा झाला. पोर नाजूक होतं, वजन भरत नव्हतं, म्हणून रजा संपत आली तरी ती माहेरीच होती. एक दिवस तिचा फोन आला. "सर, बाळाला टाकून मला नाय येता येत. राजीनामाच द्यायला लागंल."

मी म्हटलं, थांब. घाई करू नकोस.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात एक पोटकलम आहे. काम घरून होण्यासारखं असेल, तर रजा संपल्यावर मालक आणि बाई यांनी परस्पर संमतीने अटी ठरवाव्यात आणि तिला घरून काम करू द्यावं. हे कलम आमच्या कारखान्यात कुणाच्या गावीही नव्हतं. मी त्याची प्रत काढली, त्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "द्यावं म्हणजे द्यायलाच पाहिजे असं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो, "पण तिच्याइतके बिनचूक कागद करणारं दुसरं कुणी आपल्याकडे नाही."

हे पटण्यासारखं होतं. ते तयार झाले, मात्र करारनामा कडक हवा म्हणाले. मी दोन पानी मसुदा केला. कामाचे तास, लॅपटॉपची जबाबदारी, गुप्तता. त्यात मॅनेजरांनी आग्रहाने एक कलम घालायला लावलं: कामाची जागा म्हणून लिहिलेला पत्ता लेखी परवानगीशिवाय बदलता येणार नाही, आणि कंपनीचा सगळा पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर होईल. मी लिहिलं, कामाची जागा: मु. पो. माकुणसार.

सही घ्यायला एका रविवारी मी स्वतः गेलो, बायकोला बरोबर घेऊन. तिला केळव्याचा समुद्र बघायचा होता. मुलीच्या आईने ओटीवर खुर्च्या मांडल्या, चहा केला आणि जाताना पिशवीभर चिकू दिले. मुलीने दोन्ही पानांवर सही केली. तिची आई मला म्हणाली, "तुमच्यामुळं पोरीची नोकरी ऱ्हायली." मला फार बरं वाटलं. येताना वाटेत बायकोला मी ते पोटकलम समजावून सांगितलं, तिने विचारलं नसताना.

घरून काम सुरू झालं. प्लान्टमधली माणसं थट्टा करायची. एकाने मला जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, आम्हांला पण रिॲक्टर घरी न्यायची परवानगी द्या की." मी म्हटलं, आधी बाळंत हो. पण मुलीचे कागद वेळेवर येत होते. फोनवर बोलताना मागे पोराचं रडणं ऐकू यायचं, ती जरा थांबायची, मग पिंपांचे नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

महिना-सव्वा महिन्याने तिचा फोन आला. "सर, आमी मासवणला आलो. कागदात पत्ता बदलायला लागंल ना?"

करारनाम्याप्रमाणे बदलायलाच हवा होता. पण बदल म्हटला की परवानगीचा अर्ज, आणि अर्ज म्हटला की मॅनेजरांना पुन्हा विचार करायची संधी. त्यांचं मन या घरून कामात कधीच नव्हतं. मी म्हणालो, "राहू दे. काम वेळेवर दे. कोण बघायला येतंय तू कुठं बसतेस ते."

हे मी तिच्या भल्यासाठी म्हणालो. निदान म्हणालो तेव्हा तरी खरंच भल्यासाठी. एवढं एक मला माझ्या बाजूने सांगता येतं, आणि ते मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे.

पोराच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही दोघं मासवणला गेलो. पुरी, उसळ, श्रीखंड. तिच्या सासऱ्यांनी पडवीतला कोपरा दाखवला. रेंज तिथंच येते म्हणून टेबल तिथं मांडलं होतं, वर पंखा लावला होता, वायर पोराच्या हाताला लागू नये म्हणून भिंतीवर उंच नेली होती. "हे आमच्या सूनबाईचं हापिस," ते म्हणाले. मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. बायकोने माझा फोटो काढला, मांडीवर पोर घेऊन. तो अजून तिच्या मोबाइलमध्ये असेल. मी बघितलेला नाही.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी वारं फिरलं. नवे कामगार कायदे येणार, घरून काम नियमांत बसणार, अशी चर्चा सगळीकडे होती. आमच्यासारख्या कारखान्यांना ते लागू होईल का, याची कुणालाच नीट कल्पना नव्हती, आणि नसलेल्या कल्पनेची भीती जास्त असते. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, "उद्या नियम झाला तर प्रत्येक जण हक्क म्हणून मागेल. आपल्याकडे एकही जुनी केस शिल्लक नको. सगळे कारखान्यात." आमच्याकडे सगळे म्हणजे ती एकटीच होती. जो कायदा तिला आधार द्यायला येत होता, त्याच्या नुसत्या चाहुलीनेच तिचं घरून काम बंद झालं. मी हे त्या क्षणी जाणलं, आणि मान डोलावली.

मग ते म्हणाले, "आणखी एक. वरून आलंय. टाइम ऑफिस आणि एक्स्पोर्टचे कागद, मिळून एक माणूस कमी करायचाय. आता कोण, ते परिस्थितीच ठरवेल." असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

माझं वय तेव्हा चौपन्न. या वयात एमआयडीसीत नवीन गेटवर उभं राहिलं तर वॉचमनसुद्धा आत सोडत नाही. ती जाणार की मी, एवढाच तो प्रश्न होता हे मला कळलं, आणि मी तिच्या बाजूने काहीच बोललो नाही. तेवढं पुरलं.

योगायोग असा की, आदल्याच मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन बोईसरला येऊन गेली होती. चार्जिंग होत नव्हतं. मी ठेवून घेतला. "आठ दिवस तरी लागतील," मी म्हटलं. "तोवर मी काय करू?" तिने विचारलं. "घरी थांब. झाला की मीच फोन करतो."

मॅनेजरांनी पत्र सांगितलं, मी टाइप केलं. घरून काम करण्याची मुभा काढून घेण्यात येत आहे, पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कारखान्यात हजर व्हावं, न झाल्यास आपण नोकरी सोडली असं समजण्यात येईल. "रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, नोंदीतल्या पत्त्यावर," ते म्हणाले. "फोन-बिन नको. फोनला पुरावा नसतो."

नोंदीतला पत्ता. बाईला माहेर आणि सासर अशी दोन घरं असतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण करारनाम्यात जागा एकाच घराची होती, आणि ती मी भरली होती. पाकिटावर पत्ता टाइप करायची पद्धत नाही आमच्याकडे, मी हाताने लिहितो. सुंदर अक्षरात लिहिलं, मु. पो. माकुणसार. ती तिथं नाही, हे मला लिहिताना माहीत होतं. पेन थांबलं वगैरे काही नाही. मी लिहिलं, डिंक लावला, आणि पाकीट प्यूनच्या हाती दिलं.

चार दिवसांत पोचपावती परत आली. त्यावर तिच्या आईची सही होती, वाकडीतिकडी, एकेक अक्षर सुटं. आईने काय केलं ते मला नंतर कळलं. लेकीच्या नावाचा कागद फोडायचा नाही, अशी त्या घरची शिस्त. तिने पाकीट कपाटात मुलीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटांबरोबर नीट ठेवलं आणि फोनवर सांगितलं, तुझं एक पत्र आलंय. मुलीला वाटलं, बँकेचं असेल, नाही तर आधारचं. माहेरी तिची पत्रं यायची ती असलीच. "ठेव गं, पुढल्या आठवड्यात येनारच हाय," ती म्हणाली.

लॅपटॉप तर तिने दिल्यापासून तिसऱ्याच दिवशी दुरुस्त होऊन माझ्या कपाटात येऊन पडला होता.

पत्र टाकल्यावर पाचव्या दिवशी तिचा फोन आला. मी मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि तो थांबेपर्यंत वाट पाहिली. मग मेसेज आला, "सर लॅपटॉप झाला का?" मी बराच वेळ विचार करून एकच शब्द लिहिला: "कळवतो." त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या कागदात चूक सापडत नाही ती अशी.

दहाव्या दिवशी, पत्रातली मुदत संपल्यावर, ती स्वतःच आली. गेटवरून वॉचमनचा फोन आला, "साब, मैडम आयी है, अंदर छोड़ना नहीं है ना?" मी पत्राची प्रत घेऊन गेटवर गेलो. शिफ्टची बस रिकामी होत होती, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. तिने उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण पान उलटून पाहिलं आणि पुन्हा सरळ केलं.

"सर, हे माकुणसारला पाठवलं?"

"नोंदीत तोच पत्ता आहे."

"तुमी फोन करनार होते ना?"

"माझ्या हातात काही नाही गं," मी म्हणालो. माझ्या हातात त्या वेळी तेच पत्र होतं, मीच टाइप केलेलं.

तिने पालघरला कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. तारीख लागली. मॅनेजर आणि मी, आमच्या बाजूला फाइल. तिच्या बाजूला ती एकटी, सासरे बाहेर बाकावर पोराला घेऊन. अधिकारी मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. त्यांनी करारनामा वाचला, पत्र वाचलं, पोचपावती उलटसुलट करून पाहिली. मॅनेजर म्हणाले, आमच्या रेकॉर्डप्रमाणे नोटीस योग्य पत्त्यावर पोचली आहे. अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"रेकॉर्डचं राहू द्या. हजेरी तुम्ही बघता. या बाई मासवणला राहतात, हे तुम्हांला स्वतःला माहीत होतं का?"

त्या खोलीत पंखा फिरत होता आणि फाइलींवर दगड ठेवलेले होते. मला मासवणच्या पडवीतला पंखा आठवला, असं लिहायला चांगलं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की हो म्हटलं तर बाहेर पडल्यावर मॅनेजर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि महिनाभरात तसंच एक पत्र माझ्या नावाने निघेल, ते टाइप करायला दुसरं कुणी असेल.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. सर वाढदिवसाला आले होते, जेवले होते, फोटो हाय. मी वाट पाहत होतो, आता सांगेल, आता सांगेल. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "पत्ता बदलल्याचं तुम्ही कंपनीत कुणाला लेखी दिलं होतं?"

"नाय."

"तोंडी सांगितलं होतं कुणाला?"

तिने माझ्यावरची नजर काढून फाइलीकडे वळवली. मग म्हणाली, "आठवत नाय."

अधिकाऱ्यांना ते पटलं नसावं. त्यांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या फाइलवर मॅनेजरांनी शेरा मारला आणि ती मी कपाटात लावली. तिचे कागद आता मी करतो. सुरुवातीला दोन खेपा अडकल्या, मग जमलं.

घरी बायकोने विचारलं होतं, काय झालं त्या मुलीचं. मी सांगितलं, सोडली नोकरी, पोर लहान आहे ना. बायको म्हणाली, अगं बाई, आणि तुम्ही एवढं तिच्यासाठी केलंत.  खरं काय झालं ते तिला अजून सांगितलेलं नाही. इथंच पहिल्यांदा लिहितो आहे.

मध्यंतरी बोईसर स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. ती समोर आली. कंत्राटदाराकडे लागली होती, एमआयडीसीतच, बाटल्यांच्या पॅकिंगला, उभ्याचं काम. हातमोजे पिशवीतून डोकावत होते. मला टाळता आलं असतं, तिनेही टाळलं असतं तरी चाललं असतं, पण ती थांबली.

"बरे हाय ना, सर?"

मी हो म्हटलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

तिने लगेच ओळखलं, कुठला दिवस. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, जरा कंटाळा होता. "बोलून काय व्हनार होतं? तुमी खोटं बोलले ते पालघरच्या सायबाला पन कळलं असंल. मी बोलले असते तर तुमची पन गेली असती. माझी काय परत मिळनार नव्हतीच. दोघांची कशाला घालवायची, म्हटलं."

मी मेथीची जुडी हातात धरून उभा राहिलो. माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. विचारलं, "पोरगा कसा आहे?" ती म्हणाली, "धावतो आता. आजी धरायला मागं, आन् तो पुढं." तेवढ्यात तिची रिक्षा भरली आणि ती गेली.

तिचं एक चुकलं. तिची नोकरी परत मिळाली असती. पत्ता बदलल्याचं कंपनीच्या माणसाला ठाऊक होतं, एवढं सिद्ध झालं असतं तर ती नोटीस टिकलीच नसती आणि तिला कामावर घ्यावं लागलं असतं. कामगार न्यायालयात ती अजूनही जाऊ शकते. त्याला मुदत असते आणि ती अजून संपलेली नाही. शेवटची तारीख मला पाठ आहे, कारण असल्या तारखा पाठ ठेवणं हे माझं कामच आहे. भाजीवाल्यापाशी उभं राहून मी तिला हे सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं.

त्याऐवजी घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. सगळं जसं झालं तसं लिहिलं आहे, पाकीट, फोन, पंखा, सगळं. फक्त नावं गाळली आहेत, तिचं, मॅनेजरांचं, कंपनीचं आणि माझं. नावानिशी लिहून खाली सही केली असती, तर हाच कागद तिच्या कामी आला असता.